फूटपाथवरची निळी रेघ

पेरू म्हटले की आपल्याला आठवते ते फळ. त्या नावाचा एक देश आहे हे शाळेत भूगोलाच्या तासाला कळते आणि परीक्षा संपली की विसरायला होते. त्या देशाच्या राजधानीत, लिमा शहरात, काही वर्षांपूर्वी आम्ही दोघे गेलो होतो. लोक पेरूला जातात ते माचूपिचू बघायला. आम्हीही तेवढ्यासाठीच गेलो होतो. पण परत आल्यावर माझ्या मनात घर करून राहिली ती डोंगरावरची नगरी नव्हे, तर लिमाच्या एका उपनगरात फूटपाथवर ओढलेली एक साधी निळी रेघ.

या उपनगराचे नाव पुएब्लो लिब्रे, म्हणजे मुक्त गाव. पूर्वी ते शहराबाहेरचे खेडे होते, आता शहरानेच त्याला पोटात घेतले आहे. तिथे दोन संग्रहालये आहेत. एक खाजगी, लार्को संग्रहालय. दुसरे सरकारी, पुरातत्त्व, मानववंशशास्त्र आणि इतिहास यांचे राष्ट्रीय संग्रहालय. दोहोंत अंतर जेमतेम दीड किलोमीटर. अनोळखी माणसाने गल्लीबोळांत चुकू नये म्हणून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत फूटपाथवर ही निळी रेघ रंगवलेली. हॉटेलातल्या माणसाने आम्हाला टॅक्सी करा म्हणून सांगितले होते. रेघ बघितल्यावर सौ. म्हणाली, "एवढी कोणी वाट आखून दिली आहे, तर चालूया की!"

आधी लार्को बघितले. अठराव्या शतकातला पांढराशुभ्र वाडा, कमानींवरून ओघळणारी बोगनवेल, हिरवळ, खानपानगृह, सगळे कसे चित्रातल्यासारखे. रफाएल लार्को होयले हा उत्तर पेरूतल्या एका ऊसमळेवाल्या श्रीमंत घराण्यातला मुलगा. वडिलांना जुन्या वस्तूंचा नाद. १९२५ साली त्यांनी नात्यातल्याच एकाकडून सुमारे ६०० मातीची भांडी घेतली आणि ती लेकाच्या हवाली केली. पुढच्याच वर्षी २८ जुलैला, म्हणजे पेरूच्या स्वातंत्र्यदिनी, मुलाने वडिलांच्या नावे आपल्या मळ्यावर संग्रहालय उघडले. पुढे ते लिमाला आणले. आज तिथे सुमारे ४५ हजार वस्तू आहेत, आणि विशेष म्हणजे त्यांचे कोठारही लोकांना बघायला खुले आहे. छतापर्यंत काचेची कपाटे आणि त्यांत ओळीने मांडलेली हजारो भांडी. वर्षाचे धान्य भरलेले आपल्याकडचे जुने कोठीघर आठवावे, तसे.

ही भांडी बहुतेक मोचे लोकांची. साधारण इसवी सनाच्या पहिल्या ते आठव्या शतकापर्यंत पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर नांदलेली ही माणसे. त्यांना लिपी नव्हती. जे सांगायचे ते त्यांनी मातीत सांगितले. हसरे, चिडके, आंधळे, सुरकुतलेले चेहरे, खऱ्याखुऱ्या माणसांचे. ओठावर व्रण असलेल्या एका पुरुषाची तर पोरवयापासून तिशीपर्यंतची भांडी अभ्यासकांनी शोधून काढली आहेत. एक माणूस मातीत वाढताना दिसतो!

पण आम्ही दोघे थबकलो ते वेगळ्याच कपाटाशी. बटाट्याच्या आकाराचे भांडे, डोळ्यांसकट. भुईमुगाच्या शेंगा, हुबेहूब. मोचे कुंभारांनी मका, मिरची, कसावाचे कंदही असेच घडवले. सौ. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ही तर आपली उपासाची खिचडी!" खरेच होते. आपल्याकडचा साबुदाणा कसावाच्या कंदाचा, त्यात दाण्याचे कूट, बटाटा, हिरवी मिरची. चौघेही मूळचे अमेरिका खंडातले, गेल्या चार-पाचशे वर्षांत समुद्र ओलांडून आलेले. आपण ज्याला सर्वांत सोवळे अन्न समजतो, त्याचे आजोळ सातासमुद्रापलीकडे. खिचडी खाताना हे कोणाला आठवते? वस्तू येते, रुळते, आपली होते, आणि कुठून आली ते पुसले जाते.

हाच विचार डोक्यात घेऊन आम्ही रेघ धरली.

लिमाचे आकाश हिवाळ्यात राखाडी असते. तिथले लोक त्याला 'गाढवाचे पोट' म्हणतात. ढग असतात, धुके असते, पण पाऊस जवळजवळ नाहीच. रेघ कुठे ठळक, कुठे पुसट. मध्येच एखाद्या फाटकापुढे नाहीशी व्हायची आणि चार पावलांवर पुन्हा सापडायची. बैठी घरे, वाण्याची दुकाने, शाळेतून सुटलेली पोरे, जिन्याखाली चपला शिवत बसलेला माणूस. कोणीही त्या रेघेकडे बघत नव्हते. तिच्यावर बघण्यासारखे काहीच नव्हते आणि तेच मला मोलाचे वाटले. मघाशी काचेआड पाहिलेले चेहरे आता बसच्या रांगेत उभे होते. तेच गालफड, तेच नाक. टॅक्सीने गेलो असतो तर मोचे लोक संपले, इतिहासजमा झाले, असेच समजून परतलो असतो.

वीस मिनिटांत आम्ही एका शांत चौकात पोचलो. चौकाला बोलिव्हारचे नाव. जवळच १८८० सालचे एक मद्यगृह अजून उभे आहे आणि समोर राष्ट्रीय संग्रहालय. त्याच्या आवारातल्या जुन्या घरात आधी सान मार्तिन आणि मग बोलिव्हार, दक्षिण अमेरिका स्पेनपासून सोडवणारे दोघेही, राहून गेलेले. स्वातंत्र्य जाहीर झाले १८२१ च्या जुलैत, आणि राष्ट्रीय संग्रहालय स्थापण्याचा हुकूम निघाला १८२२ च्या एप्रिलात. लढाई पुरती संपलेलीही नव्हती. स्वतंत्र होताच वर्षाच्या आत आपल्या पूर्वजांच्या वस्तू जपायला हव्यात असे त्या लोकांना वाटले, ही गोष्ट मनाला भिडते.

इथे बोगनवेलीचा थाट नव्हता, पर्यटकांच्या बसगाड्याही नव्हत्या. पण अंगणात एक समाधी आहे. हुलिओ सेसार तेयो यांची. १८८० साली डोंगरातल्या वारोचिरी गावी जन्मलेला, क्वेचुआ बोलत वाढलेला हा मुलगा लिमाला शिकायला आला आणि डॉक्टर झाला. तरुणपणी ग्रंथालयात काम करताना त्याच्या हाती एक अहवाल पडला. प्राचीन काळी कवटीला भोक पाडून केलेल्या शस्त्रक्रियांचा. त्यातली चित्रे त्याच्याच गावाकडच्या कवट्यांची होती, त्या गोळा करून लिमाला पाठवायला त्याच्या वडिलांनीच मदत केली होती! परक्यांनी आपल्या पूर्वजांवर लिहिलेले वाचून या मुलाने ठरवले, हे काम आता आपण करायचे. तो हार्वर्डला जाऊन शिकून आला आणि पेरूच्या पुरातत्त्वाचा जनक ठरला. १९२७ साली पाराकासच्या वाळवंटात त्याच्या पथकाला वस्त्रांत गुंडाळलेल्या मृतदेहांची ४२९ गाठोडी सापडली. पाऊस नसल्यामुळे दोन हजार वर्षांपूर्वीच्या भरतकामाचे रंग टिकून राहिलेले. ही गाठोडी कुठे, कशी, कोणाशेजारी होती, याची नोंद ठेवली गेली.

मात्र १९३० साली तेयोंना पदावरून दूर केले गेले आणि मग पाराकासमध्ये चोरट्यांनी धुमाकूळ घातला. काही अमूल्य वस्त्रे तर थेट स्वीडनमधल्या गोथेनबर्गला पोचली. त्या शहराने ती २०१४ पासून टप्प्याटप्प्याने परत केली. वस्त्रे आली. पण ती कोणत्या खड्ड्यातून, कोणाच्या अंगावरून काढली, ते परत येत नाही.

याच संग्रहालयात मी रायमोंदी शिळा पाहिली. दोन मीटर उंच, चाविन संस्कृतीतली, हातात दंड धरलेला देव कोरलेली. १८४० साली एका शेतकऱ्याला ती शेतात सापडली आणि त्याने घरी नेऊन तिचे टेबल केले. वीस वर्षांनी रायमोंदी नावाच्या इटालियन अभ्यासकाने ती ओळखली. वाचून हसू येते. पण त्या शेतकऱ्याने ती फोडली नाही, विकली नाही आणि कुठे सापडली ते सांगितले, म्हणून तर आज ती बोलते.

आता माझे म्हणणे सांगतो. देखणी वस्तू जपणे एवढ्याने वारसा जपला जात नाही. ती कुठून आली, कोणाची होती, ही ओळ तिच्यासोबत जपावी लागते. लार्कोतली कित्येक भांडी कोणीतरी आधीच उकरून विकलेली होती. हे लार्कोंनाही ठाऊक होते. म्हणून तर त्यांनी स्वतः उत्खनने केली, आणि भांड्यांच्या रिकिबीसारख्या नळीचा आकार कसा बदलत गेला यावरून मोचे काळाचे पाच टप्पे लावले. नोंदी हरवल्यावर एका माणसाला आयुष्यभर नळ्या मोजत बसावे लागते! कोणी म्हणेल, भांडे सुंदर आहे, आणखी काय हवे? त्याला मी म्हणेन, पोथीतले पान फाडून चौकटीत लावले तर अक्षर सुंदरच दिसेल, पण गोष्ट हरवेल. लार्कोत सौंदर्य दिसते, तेयोंच्या घरी गोष्ट कळते. एकच बघून परतणारा अर्धेच बघतो. ती रेघ ओढणाऱ्याने, कळत-नकळत, हेच सांगितले आहे.

हे मी एवढ्या पोटतिडकीने लिहितो त्याला एक कारण आहे. आई गेल्यावर आम्ही भावंडांनी माळ्यावरची तांब्यापितळेची भांडी काढली. कोणाच्याच घरात जागा नव्हती. मोडीवाला आला, त्याने तराजू लावला आणि घंगाळ, हंडे, परात वजनावर गेले. त्या भांड्यांवर नावे घातलेली होती. ठोक्याठोक्याने उमटवलेली बारीक ठिपक्यांची अक्षरे, कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कोणत्या साली. आपल्या बायकांनी कुठलेही पुरातत्त्व न शिकता प्रत्येक भांड्याची नोंद ठेवली होती. ती वाचून ठेवण्याएवढा वेळही आम्ही काढला नाही. पैसे किती आले ते मला आठवत नाही, मोडीवाल्याने हातातली परात पालथी करून नाव वाचले आणि मग ती पोत्यात टाकली, ते मात्र आठवते. चोरट्यांना दोष देण्याचा मला फारसा अधिकार नाही.

एक तांब्या तेवढा राहिला, बहिणीकडे. लिमाहून आल्यावर मी तो मागून घेतला आणि उजेडात धरला. आजीच्या माहेरचे आडनाव आणि अर्धवट झिजलेले एक साल. घरात जिला ते विचारता आले असते ती आता नाही. जेवढे वाचता आले तेवढे वहीत लिहून ठेवले आहे.

तुमच्याकडे माळा असेल, आणि विचारायला कोणी वडीलधारे असेल, तर हा रविवार वाया घालवू नका. भांडी जपा किंवा विका, जागेची अडचण मला ठाऊक आहे. पण त्याआधी ती पालथी करून नाव तेवढे वाचा, आणि कोणाचे ते विचारून घ्या.