चौकटीबाहेर राहिलेले आजी-आजोबा

छायाचित्रण अर्ध्या तासाचे आणि तयारी पंधरा दिवसांची! ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील मध्यमवर्गीय घरांत ‘फॅमिली फोटोसेशन’ नावाचा एक नवा संस्कार रूढ झाला आहे. बाळाचा पहिला वाढदिवस असो वा लग्नाचे दहावे वर्ष, सर्वांच्या कपड्यांची रंगसंगती ठरते, उपवन तलावाचा काठ की भाड्याचा स्टुडिओ यावर खल होतो, मुलाकडून हसण्याची तालीम करून घेतली जाते. या साऱ्या धांदलीत एक प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. आजी-आजोबा येणार आहेत ना?

उत्तर जणू आधीच ठरलेले असते. आजीचे गुडघे दुखतात, आजोबांना उन्हात उभे राहवत नाही, आणि अर्ध्या तासात तेवढी सवड कोणाला? खरे कारण निराळेच असते. आजोबांचा लेंगा-सदरा आणि आजीचे सुती पातळ ठरलेल्या ‘थीम’मध्ये बसत नाही!

या परिसराला छायाचित्रणाची ओळख काल-परवाची नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि पुढच्याच वर्षी, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतील नामवंत छायाचित्रकार. तंत्र नवे होते, विलायती होते. पण मराठी कुटुंबाने ते स्वीकारताना आपली रीत सोडली नाही. मध्यभागी खुर्चीवर वडीलधारी मंडळी, मागे कर्ते मुलगे आणि सुना, पुढे सतरंजीवर नातवंडे. ही केवळ बैठकीची रचना नव्हती, ती घराची रचना होती. पुढे ‘क्लिक थ्री’ कॅमेरा घरोघरी आला. त्याच्या रोलवर छायाचित्रे निघत अवघी बारा. तरी त्या बारांतही आजीचा वाटा असे. आज मोबाइलमध्ये हजारो चित्रे मावतात, आणि आजीलाच जागा नाही?

हौसेला आक्षेप घेणे हा जुनाटपणा आहे, असे कोणी म्हणेल. आक्षेप हौसेला नाहीच. रोज लोकलच्या गर्दीत पिचणाऱ्या दांपत्याने चार घटका नटावे, यात गैर ते काय? १९९९ मध्ये डोंबिवलीत सुरू झालेल्या नववर्ष स्वागतयात्रेतही माणसे नटूनथटूनच येतात. परंतु तेथे तीन पिढ्या एकत्र चालतात. कुटुंब एकत्र येते आणि म्हणून छायाचित्र निघते. छायाचित्रापुरतेच कुटुंब एकत्र येऊ लागले, की उत्सवाचा देखावा होतो.

तेव्हा तयारी जरूर करावी, पण तिचा क्रम बदलावा. दिवस आणि वेळ वडीलधाऱ्यांच्या सोयीने ठरवावी. त्यांना बाहेर जाणे झेपत नसेल, तर छायाचित्रकारालाच घरी बोलवावे. सकाळी खिडकीतून येणारा प्रकाश कोणत्याही दिव्यापेक्षा सौम्य असतो. पहिले चित्र त्यांच्यासह घ्यावे, म्हणजे त्यांना ताटकळावे लागणार नाही. त्याची एक तरी प्रत कागदावर छापून घ्यावी आणि तिच्या मागे नावे, नाते, मूळ गाव व वर्ष लिहून ठेवावे.

आज कडेवर असलेले मूल उद्या मोठे होईल, ते चित्र हाती घेईल आणि विचारेल, “यात आजी कुठे आहे?” रंगसंगती जुळत नव्हती, हे उत्तर त्याला कोणत्या तोंडाने देणार?