होकार एका पत्राला, पत्रे तीन

नोकरी-व्यवसायातील ओळखी जुळवून देणाऱ्या 'लिंक्डइन' या संकेतस्थळावर अमेरिकेत २०१३ मध्ये खटला गुदरण्यात आला, तेव्हा कंपनीने केलेला बचाव वरकरणी बिनतोड होता. सभासदांच्या ई-मेल खात्यात आम्ही चोरून शिरत नाही आणि परवानगीवाचून त्यांच्या नावे कोणालाही निमंत्रण धाडत नाही, असे तिचे म्हणणे. ते अगदीच खोटे नव्हते, अपुरे होते.

प्रकार असा घडत असे. सभासदाला त्याच्या ई-मेल खात्यातील पत्त्यांची यादी खुली करण्यास सुचवले जाई. त्याने होकार दिला, की यादीतील मंडळींना त्याच्या नावे निमंत्रण जाई. उत्तर आले नाही तर स्मरणपत्र, तरीही मौन राहिले तर दुसरे. आता अशा यादीत केवळ स्नेहीच नसतात. जुने वरिष्ठ, प्रतिपक्षाचे वकील, ज्यांच्याशी संबंध कधीच तुटले अशी माणसेही असतात. त्यांच्या दारी आपण तीन-तीनदा उभे राहतो आणि आपल्याला त्याची गंधवार्ताही नसते! नको असलेल्या पत्राचा उपद्रव ते घेणाऱ्याला होतो, असे आपण धरून चालतो. येथे फिर्यादी होते ते ज्यांच्या नावे पत्रे गेली ते सभासद.

कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाच्या न्यायाधीश ल्युसी को यांनी जून २०१४ मध्ये नेमकी हीच फोड केली. पहिल्या निमंत्रणास सभासदांची संमती होती, असे त्यांनी मानले. पुढील स्मरणपत्रांबाबत मात्र, त्यांमुळे सभासदाच्या प्रतिमेस बाधा पोचू शकते, असे म्हणत दावा पुढे चालू दिला. ऑक्टोबर २०१५ मध्ये कंपनीने दोष अमान्य करूनच १ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड स्वीकारली आणि स्मरणपत्रे थांबवण्याची सोय देण्याचेही कबूल केले. ही सोय आधीच देता आली असती. परंतु ओळखीच्या माणसाचे नाव पाहून पत्र उघडले जाते, जाहिरात पाहून नव्हे. संकेतस्थळाची वाढ त्या नावावरच अवलंबून होती.

आपल्याकडे अशी दाद मागणे सोपे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ मध्ये त्रासदायक ई-मेलचा समावेश होता. सर्वोच्च न्यायालयाने ते मार्च २०१५ मध्ये रद्द केले. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक आठवली, तर ते योग्यच झाले. 'ट्राय'चे निर्बंध दूरध्वनी आणि एसएमएसपुरते. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमती विशिष्ट हेतूपुरती असावी, असे सांगतो. पण ती संमती यादी देणाऱ्याची. यादीत ज्यांचे पत्ते असतात, त्यांना अमेरिकेतील त्या प्रकरणातही पत्र येईपर्यंत कोणी काही विचारले नव्हते.