गुळवेलीच्या गोळ्या, चूर्णे व रसांच्या सुरक्षित वापराबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

विषय : गुळवेलयुक्त उत्पादनांवर यकृतविषयक इशारा छापणे, कच्च्या मालाची ओळख तपासणे व दुष्परिणामांची एकत्रित नोंद ठेवणे याबाबत.

महोदय,

राज्यातील काही वैद्य, यकृतविकारांवर उपचार करणारे डॉक्टर आणि ग्राहक चळवळीतील कार्यकर्ते यांच्या वतीने हे निवेदन सादर करण्यात येत आहे. गुळवेलीवर बंदी घालावी अशी मागणी यात नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे, कारण या विषयावर तोंड उघडणाऱ्याला आयुर्वेदद्वेष्टा किंवा आयुर्वेदभक्त यांपैकी एका गटात ढकलण्याची सवय अलीकडे जडली आहे आणि त्या गदारोळात रुग्णाचा प्रश्न बाजूलाच राहतो.

संस्कृतात गुडूची किंवा अमृता आणि हिंदीत गिलोय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वेलीचे कांड, म्हणजे खोड, औषधात वापरतात. ज्वर, मधुमेह, वातरक्त अशा विकारांत वैद्य ती पिढ्यानपिढ्या देत आले आहेत. तिच्या गुणांचा आधुनिक पद्धतीने शोध घेण्याचे मोलाचे काम मुंबईतच, के.ई.एम. रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात, डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. पित्तमार्ग अडल्याने कावीळ झालेल्या ३० रुग्णांवरील त्यांचा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पित्ताचा निचरा करण्याच्या नेहमीच्या उपचारांवर असलेल्या गटात निम्म्या रुग्णांना जंतुसंसर्ग रक्तात पसरल्याची लक्षणे दिसली, तर सोबत गुळवेल दिलेल्या गटात ती एकाही रुग्णात दिसली नाहीत. शस्त्रक्रियेनंतर वाचलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ४० टक्के आणि दुसऱ्यात ९२.४ टक्के होते. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे या आकड्यांवर फार मोठा इमला रचता येणार नाही. तरीही ही वेल रोगप्रतिकारयंत्रणेला चेतवते, हे सूत्र त्यातून पुढे आले.

नेमका हाच गुण काही जणांच्या मुळावर येतो. कोविडच्या साथीत केंद्रीय आयुष मंत्रालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये जाहीर केलेल्या उपचारसंहितेत गुडूची घनवटी (काढा आटवून केलेल्या घनाची गोळी) ५०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते एक महिना किंवा वैद्याच्या सल्ल्याने घ्यावी, असे नमूद होते. घरोघरी पोहोचला तो केवळ वेलीचा लौकिक. मात्रा आणि मुदत वाटेतच गळाली. कुंपणावरची वेल तोडून रोज सकाळी पेलाभर काढा पिणारे आणि बाटलीतला रस महिनोन्महिने चालू ठेवणारे लोक त्या काळात सर्वत्र दिसत होते. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले व ती माहिती २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली; पुढे देशातील १३ केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाचे मध्यमूल्य ४६ दिवस होते, म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याआधी आणि निम्म्यांना त्यानंतर त्रास सुरू झाला. अनेकांच्या आजाराचे स्वरूप स्वप्रतिकारी यकृतदाहासारखे होते. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतपेशींवर उलटते. ज्यांच्यात ही प्रवृत्ती आधीच दबा धरून असते, त्यांच्या बाबतीत प्रतिकारशक्ती ‘वाढवणारे’ द्रव्य आगीत तेल ओतते.

यावर मंत्रालयाने असा आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केलेली नाही आणि तिच्यासारखी दिसणारी, ‘टिनोस्पोरा क्रिस्पा’ या नावाची दुसरी वेल वापरली गेली असावी. आक्षेप गैरलागू नाही. अस्सल गुळवेलीच्या कांडाची कागदासारखी पातळ साल नखाने सोलली की आत हिरवा थर दिसतो आणि आडव्या छेदात चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते, तर दुसरीच्या खोडावर ठळक गाठी असतात. मात्र कांड वाळवून त्याचे चूर्ण झाले की यांतली एकही खूण उरत नाही. तथापि हा युक्तिवाद मान्य केला, तर बाजारातील चूर्णात काय आहे याची खात्री देता येत नाही, अशी ती कबुलीच ठरते आणि प्रशासनाची जबाबदारी त्याने वाढते.

कायद्याच्या बाजूने पाहता, एकच वनस्पती दोन दारांनी ग्राहकापर्यंत येते. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० खाली परवाना घेतला तर ती आयुर्वेदिक औषध ठरते. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या विनियमांखाली ती पूरक आहार म्हणून, ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा शेऱ्यासह विकता येते. वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, हा इशारा आयुर्वेदिक औषधांवर सक्तीचा आहे, पण तो कुचला, बचनाग, धोत्रा अशा अनुसूची ई-१ मधील विषारी द्रव्यांपुरताच. गुळवेल त्या यादीत नाही आणि तिला कुचल्याच्या पंक्तीत बसवावे असे निवेदनकर्त्यांचे म्हणणेही नाही. यकृताचा किंवा स्वप्रतिकारी आजार असणाऱ्याला सावध करणारी एक ओळ मात्र दोन्ही प्रकारच्या वेष्टनांवर असायला हवी.

केंद्रीय नियम बदलणे राज्याच्या हाती नाही, म्हणून अशी शिफारस आपण केंद्राकडे पाठवावी आणि तोवर राज्यातील उत्पादकांना व औषधविक्रेत्यांना सूचनापत्र काढून हा इशारा मराठीत छापण्याचे आवाहन करावे, ही पहिली मागणी आहे. यकृतविकार व स्वप्रतिकारी आजार असणारे, अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणारे आणि गर्भवती यांनी डॉक्टर किंवा वैद्याला विचारल्याशिवाय हे उत्पादन घेऊ नये. डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अंगाला खाज सुटणे, भूक मरणे यांपैकी काही जाणवल्यास ते तत्काळ थांबवावे. मधुमेहाच्या गोळ्या चालू असल्यास साखर उतरण्याची शक्यता ध्यानात ठेवावी, एवढा मजकूर त्यास पुरेसा आहे. दुसरी मागणी नमुने घेण्याची आहे. दोन्ही परवान्यांची तपासणी राज्यात याच प्रशासनाकडे असल्याने चूर्ण, घनवटी, रस व काष्ठौषधींच्या दुकानांतील सुटे कांड यांचे नमुने एकाच मोहिमेत घेऊन वनस्पतीची ओळख, कीटकनाशके व जड धातू यांची चाचणी करावी आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

ओळखीची ही तपासणी कारखान्याच्या दारात न करता संकलनाच्या ठिकाणी झाली, तर अधिक उपयोगी पडेल. ठाणे जिल्ह्यातील शहापूर भागात कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल गोळा करून विकण्याचा व्यवसाय उभा केला असून मोठ्या औषध कंपन्यांकडून त्यांना दीड कोटी रुपयांहून अधिक किमतीची मागणी मिळाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले होते. वेल ओळखणारी नजर या मंडळींकडे आहेच; तिला प्रमाणपत्राची जोड मिळाल्यास भेसळीला आळा बसेल आणि शुद्ध मालाला चांगला भावही मिळेल.

शेवटची मागणी नोंदीची आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारी यंत्रणा प्रामुख्याने आयुर्वेद महाविद्यालये व संस्थांमधून चालते. कावीळ झालेला रुग्ण मात्र बहुधा आधुनिक रुग्णालयात जातो, तेथे त्याच्या यकृताची तपासणी होते आणि काढ्याचा उल्लेख कागदावर येतोच असे नाही. दोन्ही प्रकारच्या रुग्णालयांना भरता येईल असा एकच मराठी नमुना अर्ज तयार करून, उत्पादनाचा गट क्रमांक आणि शिल्लक बाटली किंवा पुडी जपून ठेवण्याची सूचना त्यात द्यावी, जेणेकरून पुढच्या वेळी वनस्पती कोणती होती यावर वाद घालण्याऐवजी ती तपासता येईल.

उपरोक्त मागण्यांवर केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती निवेदनकर्त्यांना मिळावी, तसेच चर्चेसाठी वेळ द्यावी, ही विनंती.

निवेदनकर्ते

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
संचालक, आयुष संचालनालय, महाराष्ट्र राज्य, मुंबई