देऊळ फिरले, माणसे फिरली काय?

परवा शाळेत चौथीच्या वर्गास औंढा नागनाथाच्या देवळाची गोष्ट सांगत होतो. आमचा हट्टा वसमत तालुक्यातला. औंढा तालुका शेजारचा. तेव्हा ही गोष्ट आमच्या पोरांस नवी नाही. ती आजीच्या मांडीवर ऐकलेली असते. नामदेवराय देवळापुढे कीर्तनास उभे राहिले. तेथल्या पुजाऱ्यांनी त्यांस हटकले की, शिंप्याच्या पोराने येथे उभे राहू नये. नामदेव मुकाट्याने देवळाच्या पाठीमागे गेले, तेथे कीर्तन मांडले, आणि देवानेच आपले देऊळ त्यांच्याकडे फिरविले. गोष्ट संपली, पोरांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात मागल्या बाकावरची एक पोर उठून म्हणाली, "गुरुजी, देऊळ फिरल्यावर त्या लोकांनी नामदेवाला पुढं बोलावलं का?"

वाचकहो, वीस वर्षांच्या वर झाली, आम्ही ही गोष्ट पोरांस सांगत आलो. आमच्या बापाने आम्हांस सांगितली, त्याच्या बापाने त्यास सांगितली. पण हा सवाल आम्हांस कधी सुचला नाही. आम्हांस उत्तर देता आले नाही. कारण गोष्ट तेथे संपते. देव फिरला एवढे ती सांगते. हटकणारे फिरले की नाही, याविषयी ती तोंड उघडीत नाही.

कोणी म्हणेल, जुनीपुराणी कथा ती, तिचे एवढे काय घेऊन बसलात? आता पोरांच्या हाती मोबाइल आला, शेतावर ट्रॅक्टर आला, कथेला कोण विचारतो? बांधवहो, कथा विचारून येत नसते. 1987 साली दूरदर्शनवर रामायण लागले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, हे तुमच्यातील वडीलधाऱ्यांस आठवत असेल. 2020 साली टाळेबंदीत तेच रामायण पुन्हा लावले, तर नातवंडे आजोबांच्या शेजारी येऊन बसली. कथा आमच्या घरात, बोलण्यात, सणावारात आणि खिशातही हात घालून बसली आहे. तेव्हा तिच्यापासून पळून सुटका नाही. तिचा कोणता अर्धा भाग आम्हांस सांगितला जातो आणि कोणता झाकून ठेवला जातो, एवढे पाहणे मात्र आमच्या हाती आहे.

औंढ्याचीच कथा घ्या. ती एकट्या आमच्या मुलखाची नाही. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची 61 पदे आहेत, आणि त्यांतल्या एका पदात भक्ती करीत असता जातीमुळे आपणास देवळातून उठविले, हे गाऱ्हाणे खुद्द नामदेवांच्या मुखी आहे. पंजाबातही ही कथा घरोघर गेली. आमच्या जिल्ह्यातील नरसी हे नामदेवांचे गाव म्हणून आम्ही अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण देवाने न्याय केला असे ऐकून आम्ही समाधानाने घरी जातो, आणि माणसाने करावयाचा न्याय तसाच राहतो.

हे आम्ही उगीच म्हणत नाही. ज्या मराठवाड्यात हे देऊळ फिरल्याची कथा पोराबाळांस पाठ आहे, त्याच मराठवाड्यात 1978 साली काय झाले? विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव जुलै महिन्यात विधिमंडळात झाला, आणि त्या एका नावापायी खेडोपाडी दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली, कुटुंबे गाव सोडून परागंदा झाली. जाळणाऱ्या हातांत टाळ धरणारे हात नव्हते असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? 14 जानेवारी 1994 रोजी ते नाव लागले. एका पाटीवरची अक्षरे फिरावयास सोळा वर्षे लागली, आणि ती फिरविण्यास देव आला नाही. माणसांनीच मार खाऊन, मोर्चे काढून ती फिरविली.

जी जी देवळे आणि पाणवठे आजवर फिरले, ते असेच. 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. 1930 च्या मार्चमध्ये नाशिकच्या काळारामापुढे सत्याग्रह मांडला. तो वर्षानुवर्षे चालला, तरी दार उघडले नाही. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा कोठे विठ्ठलाच्या दाराची कडी हलली. 1950 साली राज्यघटना अमलात आली आणि तिच्या 17 व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. देऊळ फिरल्याच्या कथेचा जो अर्धा भाग सांगायचा राहिला होता, तो हाच.

आता दुसरी कथा पाहा. ही तर खास आमच्या शेतकऱ्यांची. दिवाळीत बलिप्रतिपदेला आमच्या मायमाउल्या ओवाळतात आणि म्हणतात, इडा पीडा टळो, बळीचे राज्य येवो. पुराणिकबुवा सांगतात की वामनाने तीन पावलांत बळीस पाताळात घातले, ते देवाचे मोठे कार्य झाले. आणि ओवाळणारी माय मागते ते बळीचेच राज्य! पोथीने एक सांगितले आणि माउलीने शतकानुशतके दुसरेच जपले. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहून, बळी हा आपल्या कष्टकरी पूर्वजांचा राजा आणि वामन हा त्याचे राज्य घेणारा, असा उलगडा केला. तिकडे केरळात तर ओणमाच्या सणाला याच राजाच्या स्वागतास दारोदार फुलांची रांगोळी घालतात. हरलेला राजा वर्षातून एकदा प्रजेस भेटावयास येतो, अशी तेथील समजूत आहे.

पण आमच्या तोंडची एक म्हण पाहा. कामात आडवा येणाऱ्यास आम्ही झारीतला शुक्राचार्य म्हणतो. तलाठ्याकडे कागद अडला, बँकेत कर्ज अडले, की आम्ही कोण्या तरी शुक्राचार्याच्या नावाने बोटे मोडतो. वास्तविक शुक्राचार्य झारीच्या तोटीत शिरला तो कोणासाठी? आपल्या बळीराजाने फसून दानाचे पाणी सोडू नये म्हणून! त्यापायी त्याचा एक डोळा गेला. जो आमच्या राजास सावध करावयास गेला, त्याचेच नाव आम्ही शिवी म्हणून वापरतो. जिंकणाऱ्याची कथा हरणाऱ्याच्या जिभेवर कशी बसते, याचा याहून धडधडीत पुरावा कोणता? आणि आज शेतकऱ्यास बळीराजा कोण म्हणत नाही? भाषणात बळीराजा, जाहिरातीत बळीराजा. आणि सोयाबीन बाजारात नेले की मान राजाचा आणि भाव पाताळातला. ज्यास राजा म्हणावयाचे त्याने देतच राहावे, हिशेब विचारू नये, हेही त्या कथेतूनच आमच्या अंगी मुरविले गेले आहे.

तिसरी गोष्ट खिशाची. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची दोन एकर हळद. एके वर्षी कंदकुजीने निम्मी गेली. कोणीतरी त्याच्या मनात भरविले की, बोललेली सत्यनारायणाची पूजा राहिली म्हणून हे झाले. साधुवाण्याची नौका बुडाली, तशी तुझी हळद बुडाली. त्याने खासगी सावकाराकडून पैसे उचलले, पूजा घातली, गावजेवण दिले. देव प्रसन्न झाला की नाही हे देवास ठाऊक. सावकार मात्र दर महिन्यास दारी उभा राहू लागला. कंदकुजीस कारण शेतात साचलेले पाणी आणि रोगट बेणे. चर खोदला असता, बेणे औषधात बुडवून लावले असता, तर पुढची लागवड वाचली असती. पण त्यास पैसा उरला नाही.

येथेही कथेचा अर्धा भाग झाकलेला होता. त्याच पोथीत एक गरीब मोळीविक्या आहे. त्या दिवशी लाकडे विकून जे हाती आले त्यातच त्याने व्रत केले. त्याने सावकाराचा उंबरा झिजविला नाही की गावजेवण घातले नाही. हा मोळीविक्या आम्हांस कोणी ठासून सांगत नाही. बुडालेली नौका मात्र दर खेपेस सांगतात. भीती दाखविली की हात खिशाकडे जातो, हे सांगणाऱ्यास पक्के ठाऊक आहे.

कोणी असे समजू नये की आम्ही कथा बुडवा म्हणतो. देव मानावा की न मानावा, हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. आमचे सांगणे एवढेच की, कथा ऐकताना कुणब्याने बेणे पारखावे तशी ती पारखून घ्यावी. सुताराने लाकूड ठोकून पाहावे, कुंभाराने मडके वाजवून घ्यावे, तशी ती वाजवून घ्यावी. हिच्यात हरले कोण? सांगतो कोण? सांगून त्यास मिळते काय? आणि कथा संपल्यावर आपण करावयाचे काय उरले? मायमाउल्यांनो, पोरांस गोष्टी जरूर सांगा. पण पोराने मध्येच सवाल केला तर त्यास गप्प बसवू नका.

त्या मागल्या बाकावरच्या पोरीस आम्ही दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "बाळ, बोलावले की नाही ते गोष्टीत नाही, ते आपण करावयाचे राहिले आहे." तिने लगेच विचारले, "मग आपल्या गावात स्मशान वेगवेगळं का हो, गुरुजी?"

अनेक गावांत आजही ते वेगवेगळे आहे. या सवालाचे उत्तर आता आम्ही एकट्याने द्यावयाचे नाही. ते ग्रामसभेत, चावडीपुढे बसून, तुम्ही आम्ही मिळून द्यावयाचे आहे.