सत्कार करायचाय, नाव सुचवा!

युवा पुरस्काराचे अर्ज निघाले की माझा फोन वाजायला लागतो. "दादा, आपल्या त्या शिबिराचं कात्रण असेल का?" अर्जाला कात्रणं लागतात, फोटो लागतात, प्रशस्तिपत्रं लागतात. वीस वर्षं वार्ताहरकी केली, माझ्या बातम्यांच्या झेरॉक्सवर किती जणांच्या खांद्यावर शाल पडली असेल, मोजदाद नाही. त्यातले काही जण खरंच काम करणारे. समाजमंदिरात अभ्यासिका चालवणारा एक पोरगा तर स्वतःच्या खिशातून लाइटबिल भरतो. त्याला मिळालं, आनंद झाला. पण ज्याची फाइल जाड त्याचं काम मोठं, असं आपल्याकडं होऊन बसलंय.

आज एक माझी चूक सांगतो.

सात-आठ वर्षं झाली. अक्षय तृतीयेच्या तोंडावर आपल्याच तालुक्यातल्या एका गावात दहावीतल्या मुलीचं लग्न ठरलं. अंगणवाडीच्या ताईंना कळलं. आधी त्या मुलीच्या आईला भेटल्या, दोनदा. ऐकेनात म्हणून १०९८ ला फोन केला. ग्रामसेवक आले, पोलीस आले, लग्न थांबलं. मी भारावून गेलो आणि बातमी लावली. ताईंचं नाव, गावाचं नाव, फोटोसकट. वाटलं, एवढ्या मोठ्या कामाची दखल घ्यायलाच पाहिजे.

पुढं काय झालं ते मला दोन महिन्यांनी कळलं. निम्म्या घरांनी पोरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं होतं. भावकी बोलेना. ताईंचा फोन आला. भांडायला नव्हता, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "दादा, बातमी चांगली होती. पण आता बायका माझ्यासमोर काही बोलतच नाहीत. पुढचं लग्न ठरलं तर मला कसं कळायचं?"

मी गप्प. लग्न थांबवायला कायदा होता, पोलीस होते, पण खबर ताईंकडं यायची ती बायकांच्या विश्वासावर. तोच मी छापून मोडला. मुलीचं नाव टाकलं नव्हतं म्हणून मी स्वतःला शहाणा समजत होतो, पण गावाचं नाव टाकल्यावर राहिलं काय! १०९८ वर फोन करणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात ते उगाच नाही.

कायद्यानं गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, त्यांना मदत अंगणवाडी सेविकेची. ग्रामसेवकाची बदली होते, ताई मात्र त्याच गल्लीत राहतात. आणि काम संपलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी जवळपास २२ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. हे सगळं करणाऱ्या बाईला पगार नाही, 'मानधन' असतं. त्यासाठी २०२३ च्या डिसेंबरात राज्यभर संप करावा लागला, तो जानेवारीपर्यंत चालला. तेव्हा आपल्या शहरातल्या किती सत्कार समित्या त्यांच्या मंडपात जाऊन बसल्या? मी दोन बातम्या केल्या, बस.

म्हणून पुरस्कार देणाऱ्या मंडळींना म्हणणं आहे, अर्ज मागवू नका. कात्रणं तर अजिबात नको. मुलांना विचारा. कॉलेजच्या पोरींना विचारा, शाळा सुटायची वेळ आली तेव्हा घरी कोण येऊन बसलं होतं? नावं निघतील. मग त्या माणसाला विचारा की स्टेजवर यायचंय का. नाही म्हणाला तर आग्रह करू नका. मीही आता विचारल्याशिवाय कुणाचं नाव टाकत नाही.

गेल्या आठवड्यात एका मंडळाच्या पोरांनी सत्कारासाठी नाव मागितलं. मी आधी ताईंना फोन लावला. "शाल नको दादा, अंगणवाडीचं छत गळतंय, चार पत्रे बघा कुठं मिळाले तर."

मंडळाला निरोप दिलाय. अजून उत्तर नाही. बॅनर मात्र छापून आलाय म्हणे, नावाची जागा रिकामी ठेवून.