ओळखा पाहू, पदक कुणाचं?

दोस्तांनो, पेन्सिल आणि कागद घेऊन बसा! आज सहा प्रश्न आहेत आणि सगळेच्या सगळे पदकांचे. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मिळतात ती पदकं नव्हेत हं, सैनिकांच्या छातीवर लावतात ती.

आपली सफर सुरू होते गडबपासून. पेणहून गोव्याच्या दिशेने निघालं आणि वडखळ मागे टाकलं, की महामार्गावर गडब लागतं. तिथून आधी याच रस्त्याने माणगावला जाऊ. मग इटली, मॉस्को, इराणचे डोंगर आणि शेवटी थेट अंतराळ! तिकीट काढायची गरज नाही.

हा खेळ आम्ही काढलेला नाही बरं का. सोव्हिएत संघ हा अवाढव्य देश १९९१ साली विस्कटला. त्याच्या सैनिकांची पदकं बाजारांतून, दुकानांतून जगभर पसरली. टपाल तिकिटं जमवणारे असतात ना, तसे ही पदकं जमवणारेही असतात. ही मंडळी एकमेकांना कोडी घालतात. ‘हे पदक कुठलं? कुठल्या सालचं? कशासाठी दिलं?’ आणि सगळ्यांत अवघड कोडं म्हणजे, ‘हे पदक कुणाचं?’ आपणही तेच खेळू या.

नियम सोपे आहेत. बरोबर उत्तराला १० गुण. ‘मला ठाऊक नाही, पण अमुक ठिकाणी शोधता येईल’ असं लिहिलंत, तर ५ गुण. आणि ठोकून दिलेलं उत्तर चुकलं, तर ५ गुण वजा! आईबाबांनीही खेळावं, फक्त मुलांच्या कानात कुजबुजायचं नाही. उत्तरांवर वही ठेवून झाका बघू.

प्रश्न

१. ‘कुलाबा जिल्ह्यातल्या सैनिकाला व्हिक्टोरिया क्रॉस’ अशी १९४४ सालची नोंद आहे. हा वीर मुंबईच्या कुलाब्याचा की आणखी कुठला? त्याचं नाव काय?

२. व्हिक्टोरिया क्रॉस कोणत्या धातूचा बनवतात आणि तो धातू कुठून आला?

३. एका सोव्हिएत पदकाच्या मागे नाव नाही, गाव नाही, नुसता आकडा आहे. दुसऱ्यावर आकडासुद्धा नाही. यांपैकी कोणत्या पदकाचा मालक सापडेल? कसा?

४. दुसऱ्या महायुद्धात दोन भारतीय सैनिकांना सोव्हिएत संघाने ‘रेड स्टार’ हा किताब दिला. त्यांनी असं काय केलं होतं?

५. सोव्हिएत संघाचा ‘गोल्ड स्टार’ कोणत्या भारतीयाला मिळाला? आणि त्याच वेळी आपण आपलं अशोकचक्र कुणाला दिलं?

६. आपल्या परमवीर चक्राचं चित्र कुणी तयार केलं?

लिहिलंत? आता वही बाजूला करा.

उत्तरं

१. मुंबईचा कुलाबा लिहिलंत? गेले पाच गुण! आपल्या रायगड जिल्ह्याचं जुनं नाव कुलाबा जिल्हा. १९८१ साली तो रायगड झाला. त्यामुळे जुने कागद वाचताना आधी साल बघायचं आणि मग नकाशा.

या वीराचं नाव नाईक यशवंत घाडगे. गाव पळसगाव, तालुका माणगाव. गडबहून त्याच महामार्गाने नागोठणे, कोलाड, इंदापूर करत गेलात, की माणगाव येतं. तिथे तहसील कचेरीजवळ त्यांचा पुतळा आहे.

घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतला प्रत्येक जण मारला तरी गेला किंवा जखमी तरी झाला. उभे राहिले ते एकटे घाडगे. ते थेट मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब फेकून त्यांनी ती बंद पाडली. मग आपल्या बंदुकीने एकाला टिपलं. काडतुसं भरायला वेळच नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरून तिच्याच दस्त्याने उरलेल्या दोघांशी ते भिडले आणि त्यांना संपवलं. एवढ्यात लपलेल्या शत्रूच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि ते तिथेच पडले. वय होतं अवघं २२ वर्षांचं. त्यांचा क्रॉस त्यांच्या पत्नीने स्वीकारला. इटलीतल्या मोन्तोने गावात २०२३ साली त्यांच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभारलं गेलं. पळसगाव कुठे, मोन्तोने कुठे! पण तिथल्या लोकांनी नाव जपलं.

२. धातू आहे ब्राँझ. सोनं-चांदी लिहिणाऱ्यांनो, या पदकाची किंमत धातूत नाही! ‘क्रिमियाच्या युद्धात जिंकलेल्या रशियन तोफा वितळवून हे क्रॉस बनवले’ असं उत्तर बऱ्याच पुस्तकांत मिळेल. पण पुढे अभ्यासकांनी धातूची तपासणी केली. त्यात बऱ्याच क्रॉसचा धातू चिनी तोफांचा निघाला! म्हणून ‘रशियन तोफा’ लिहिलं असेल तर ५ गुण घ्या. वजा करत नाही, कारण यात तुमच्याबरोबर पुस्तकंही फसली आहेत. छापलेलं असलं, तरी कुणीतरी पुन्हा तपासावं लागतं, हे मात्र लक्षात ठेवा.

एक गंमत बघा. व्हिक्टोरिया क्रॉसच्या पुढच्या बाजूला सगळ्यांसाठी एकच मजकूर असतो. पण मागे पराक्रमाची तारीख कोरतात आणि वरच्या पट्टीमागे त्या वीराचं नाव. म्हणजे पदकाची खरी गोष्ट त्याच्या पाठीवर असते!

३. हा प्रश्न पदकं जमवणाऱ्यांचा अगदी लाडका. आकडा असलेलं पदक म्हणजे ‘रेड स्टार’. हा किताब १९३० साली सुरू झाला. चांदीचा पाच टोकांचा तारा, त्यावर गडद लाल मिना आणि मधोमध बंदूक घेतलेला सैनिक. मागे एक स्क्रू असतो. गणवेशाला भोक पाडून मागून चकती पिळायची, की पदक घट्ट बसलं. त्या स्क्रूजवळ आकडा कोरलेला असतो. सोव्हिएत संघाने असे सुमारे ३८ लाख तारे दिले. पण तारा दिला, की त्याचा आकडा सैनिकाच्या पुस्तिकेत आणि सरकारी कागदांत लिहिला जाई. म्हणून आकड्यावरून कागद शोधायचा आणि कागदावरून माणूस. त्याने कुठल्या दिवशी, कुठल्या गावाजवळ काय केलं, हेही तिथे सापडू शकतं. शाळेच्या हजेरीपटात तुमचा नंबर असतो ना? तसंच हे!

दुसरं पदक, ज्यावर आकडा नाही, ते ‘जर्मनीवरील विजयासाठी’ दिलेलं. ते १९४५ सालचं. त्यावर स्टालिनचा चेहरा आणि फितीवर काळे-केशरी पट्टे. ही पदकं दिली सुमारे दीड कोटी! आकडा नाही, नाव नाही. सोबतचा कागद हरवला, की पदक मुकं झालं. त्याचा मालक कोण, याचं खरं उत्तर एकच, ‘सांगता येत नाही.’ असं लिहिणाऱ्याला पूर्ण १० गुण. शाब्बास! जमवणाऱ्यांमध्ये अशा माणसाला मान असतो. ‘हे स्टालिनग्राडच्या वीराचं आहे’ अशी थाप मारून पदक खपवणारे पुष्कळ भेटतात. ‘सांगता येत नाही’ म्हणणारे थोडे.

जाता जाता आणखी एक गोष्ट. रशियात सरकारी पदकांची बेकायदा खरेदी-विक्री हा गुन्हा आहे. शौर्य बाजारात मांडू नये, असं त्यामागचं म्हणणं.

४. ‘त्यांनी शत्रूची रणगाड्यांची रांग उडवली’ असं कुणी लिहिलंय का? चूक! ते होते गाड्यांच्या ताफ्यातले. जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. तिथे दारूगोळा, अन्न, सामान पोचवायचं कसं? एक वाट होती इराणमधून. समुद्रकिनाऱ्यावर माल उतरवायचा आणि डोंगर, घाट, वाळवंट पार करून उत्तरेला न्यायचा. हे काम करणाऱ्यांत भारतीय सैन्याच्या सर्व्हिस कोअरचे जवानही होते. त्यांपैकी सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंग यांना १९४४ साली रेड स्टार मिळाला.

आता सांगा, निक्कम हे नाव वाचून तुम्हाला काय वाटलं? ‘आपल्याकडचे निकम!’ हो ना? पण नोंद म्हणते, ते तमिळनाडूचे. गजेंद्रसिंग उत्तराखंडातल्या पिथोरागडचे. तमिळनाडूत मराठी घराणी शेकडो वर्षं नांदत आली आहेत, हे खरं. पण नुसत्या आडनावावरून गाव ठरवायचं नसतं. आपला माणूस हवा म्हणून नोंद बदलायची नाही.

आणि दुसरी गोष्ट. युद्ध म्हटलं की आपल्याला गोळ्याच आठवतात. पण उपाशी सैनिक लढणार कसा? रसद घेऊन जाणाऱ्याच्या छातीवरही तोच लाल तारा लागला. २४ जून २०२० रोजी मॉस्कोत विजयाचा ७५वा वर्धापनदिन साजरा झाला. त्या संचलनात आपल्या तिन्ही दलांची तुकडीही चालली होती.

५. हे सोपं होतं! राकेश शर्मा. ३ एप्रिल १९८४ रोजी ते सोयूझ यानातून अंतराळात गेले. त्यांना ‘सोव्हिएत संघाचा वीर’ हा सर्वोच्च किताब आणि गोल्ड स्टार मिळाला. आपण अशोकचक्र दिलं राकेश शर्मा यांना आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या दोघा सोव्हिएत अंतराळवीरांनाही. त्यांची नावं मालिशेव आणि स्त्रेकालोव. अर्धं उत्तर लिहिणाऱ्यांना ५ गुण.

६. सावित्रीबाई खानोलकर. मूळच्या भारतीय नव्हेत हं! जन्म १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये, वडील हंगेरीचे, आई रशियन. त्यांचं माहेरचं नाव ईव्ह इव्होन. लष्करी शिक्षण घेणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांनी लग्न केलं आणि त्या इथल्याच झाल्या. संस्कृत शिकल्या, पुराणं वाचली. म्हणूनच परमवीर चक्रावर चार बाजूंना इंद्राचं वज्र आलं. हे वज्र दधीची ऋषींच्या हाडांपासून बनलं, ही गोष्ट आजीने सांगितली असेलच. दुसऱ्यांसाठी स्वतःची हाडं देणारा ऋषी! पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. ते सावित्रीबाईंच्या मुलीचे दीर होते. पदकाचं चित्र काढणाऱ्या बाईंच्याच नात्यातल्या घरी पहिलं पदक गेलं.

किती झाले गुण? ४० च्या वर असतील, तर पाठ थोपटून घ्या. वजा २० असतील, तर पुढच्या वेळी ठोकून देणं कमी!

आता खरं काम

दोस्तांनो, हे कोडं तुमच्या घरातही असू शकतं. रायगड, रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर इथल्या कितीतरी घरांतून माणसं सैन्यात गेली. पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांना जी ब्रिटिश वॉर मेडल मिळाली, त्यांतली बहुतेक चांदीची होती. चांदीची म्हणूनच जगभर त्यांतली पुष्कळ मोडीत गेली, वितळली. त्या पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत सैनिकाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. म्हणजे पदकाबरोबर नावही वितळलं.

म्हणून ट्रंकेत, देव्हाऱ्यात, फडताळात असं काही सापडलं, तर एवढं करा. पहिलं, ते चिंचेने किंवा राखेने घासू नका, अक्षरं पुसट होतात. दुसरं, भिंग घेऊन कड वाचा आणि वहीत जसंच्या तसं उतरवा. तिसरं, आजी-आजोबांना विचारा, ‘हे कुणाचं?’ आणि ते जे सांगतील ते आज, या आठवड्यातच लिहून ठेवा. उद्यावर टाकू नका. चौथं, सोबत जुना कागद असेल तर तो आणि पदक एकत्र ठेवा. रशियन पदकाचं काय झालं ते वाचलंत ना? कागद गेला, की पदक मुकं.

घरात काही नसेल तरी हरकत नाही. आपल्याकडच्या अनेक गावांत इंग्रजांच्या काळातल्या दगडी पाट्या आहेत. ‘या गावातून महायुद्धाला इतके जण गेले, इतक्यांनी प्राण दिले’ असं त्यांवर लिहिलेलं असतं. जुन्या चावडीपाशी, देवळापाशी, शाळेपाशी बघा. त्यावर बहुधा आकडा असतो, नावं नसतात. ती नावं शोधायची, हे तुमचं आव्हान!

पालकांना एक विनंती. पदक मोडीत किंवा विक्रीला काढण्याआधी मुलांना एकदा त्याची कड वाचू द्या. माजी सैनिकांच्या कुटुंबांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करता येते. रायगडचं कार्यालय अलिबागला आहे.

आणि हो, पुढच्या वेळचा प्रश्न आत्ताच घ्या. कारवारकडचे एक बहाद्दर, १९४८ साली राजौरीच्या वाटेवरचे अडथळे आणि सुरुंग दूर केले, आणि जिवंतपणी परमवीर चक्र मिळवणारे पहिले ठरले. ओळखा पाहू कोण? ठोकून देऊ नका हं, शोधा!