छेद कुठे गेला?

परवा लातूरला उद्योग भवनाच्या बाजूला दादासोबत हिंडत होतो. पुतणी दहावी झाली, तिच्यासाठी क्लास बघायचा होता. दादा नांदेडला चार ठिकाणी चौकशी करूनच आला होता. मान वर केली की फ्लेक्सच फ्लेक्स. हसणारे चेहरे, पुढं मार्क. एका फ्लेक्ससमोर तो थांबला अन् म्हणाला, "ह्यांचं पोरगं पहिलं आलंय. हिला इथंच घालू."

मी विचारलं, "दादा, ह्यांच्याकडं एकूण पोरं किती होती?"

"तुला काय करायचंय त्याचं?"

तर मंडळी, काय करायचंय ते इथंच सांगतो, कारण तिथं दादानं बोलू दिलं नाही.

शाळेत 'चूक की बरोबर ते लिहा' हा प्रश्न आपण सगळ्यांनीच सोडवलाय. समजा दहा विधानं आहेत आणि पोरानं एकही न वाचता नाणं उडवून उत्तरं लिहिली. पहिलं बरोबर यायची शक्यता निम्मी, दुसरंही यायची त्याच्या निम्मी... असं दहा वेळा निम्मं करत गेलं की १०२४ मध्ये एकदा सगळी बरोबर येतात. वीस विधानं असतील तर १०,४८,५७६ मध्ये एकदा. म्हणजे तुक्क्यावर पैकीच्या पैकी? विसरा.

आता हेच गणित उलटं धरा. एक पोरगं नको, १०२४ पोरं बसवा. दहा विधानं, प्रत्येकाच्या हातात नाणं. निदान एकाची तरी सगळी बरोबर येण्याची शक्यता तब्बल ६३ टक्के! २०२४ च्या नीटला २३ लाखांवर मुलं बसली होती. तेवढ्यांनी वीस विधानांची परीक्षा नाण्यावर दिली असती, तरी सरासरीनं दोघांना पैकीच्या पैकी पडले असते. त्या दोघांना हार, पेढे, फ्लेक्स. आणि नाणं कसं उडवावं यावर त्यांचं व्याख्यान.

गैरसमज नको. नीटमध्ये पहिली येणारी पोरं नशिबानं येतात असं मी म्हणत नाही. तिथं १८० प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून सगळे बरोबर येण्याची शक्यता १०९ आकडी संख्येत एक. तिथं अभ्यासच लागतो, नाहीतर फुटलेला पेपर. (२०२४ च्या तपासात लातूरचंही नाव आलं, तेव्हा आपली मान खाली गेलीच होती.)

पण नशीब काठावर बसलेलं असतं. बरोबरला चार, चुकीला उणे एक. म्हणून सर सांगतात, दोन पर्याय कटले की ठोकून द्या. सल्ला बरोबर आहे, सरासरी दीड मार्क पदरात पडतो. पण असे दहा प्रश्न म्हणजे पुन्हा आपली चूक-बरोबरचीच परीक्षा. सारख्याच तयारीची दोन पोरं. एकाचे आठ लागले, त्याला ३० मार्क. दुसऱ्याचे तीन लागले, त्याला ५. एक एमबीबीएसला, दुसरा रिपीटर बॅचला. अन् घरचे म्हणणार, "पोरगं कमी पडलं." कुठं कमी पडलं?

अगदी वरचंही बघा. २०२४ ला आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० होते. वाढीव गुण काढले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचं उत्तर बदललं, अन् उरले १७. पोरं तीच, अभ्यास तोच.

म्हणून माझा राग फ्लेक्सवरच्या पोरांवर नाही, फ्लेक्सवर आहे. त्यावर फक्त अंश छापतात, छेद खाऊन टाकतात. शंभरातून दहा लागले आणि पाच हजारांतून दहा लागले, तरी फ्लेक्स सारखाच दिसतो. चांगलं शिकवणारा, हुशार पोरं वेचून घेणारा आणि नुसतीच गर्दी जमवणारा, तिघांचाही. आपण रान विकून फी भरतो, पण बॅचमध्ये किती होते, मध्येच किती गेले, रिपीटर किती, एवढं विचारायला लाजतो. भाजी घेतानासुद्धा जुडी उलटी करून बघतो की आपण!

असो. वहिनी, हे दादाला वाचून दाखव. आणि क्लासात गेल्यावर फीच्या आधी छेद विचारा. सांगितला नाही, तर तेच उत्तर समजा.